फॉर्मच्या पाठीमागे

माझी नऊ वर्षांची मुलगी मला घाबरते, हे मला एका टिकलीनं सांगितलं.

कपाळावरची टिकली नव्हे. मुलाच्या ताब्याचा वाद कौटुंबिक न्यायालयात गेला की हल्ली आई, बाप आणि मूल अशा तिघांच्या कानामागे एकेक पट्टी चिकटवतात. रंग कातडीचा, आकार मसुराच्या दाण्याएवढा. सरकारी कागदावर तिचं नाव ‘अनुबंधमापक’, पण कोर्टाच्या शिपायापासून वरपर्यंत सगळे टिकलीच म्हणतात. ती लावून एकवीस दिवस हिंडायचं. दहा दिवस मूल बापाकडे, दहा दिवस आईकडे, आणि एकविसाव्या दिवशी तिघं एकत्र, कोर्टातल्या भेटखोलीत, समुपदेशकासमोर. मग आकडा येतो. साठाच्या वर असेल तर नातं निरोगी. चाळिसाच्या खाली गेला तर मूल त्या पालकाला भितं असं धरून चालायचं.

प्रसन्नकडे चारूचा आकडा आला चौऱ्याहत्तर. माझ्याकडे, तिसऱ्या दिवशी, एकतीस.

प्रसन्न मगदूम म्हणजे माझा नवरा, अजून थोडे दिवस. घटस्फोट हवा याबद्दल आमचं एकमत होतं. लग्नात इतकं एकमत कशावरच झालं नव्हतं. भांडी, कपाट, बँकेतलं खातं, सगळं शांतपणे वाटून झालं आणि अडलं ते चारूपाशी. तो पुण्यात पवनचक्क्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बाविसाव्या मजल्यावर घर, खाली पोहण्याचा तलाव असलेली शाळा. मी मिरजेत, बशीरचाचांच्या तानपुऱ्यांच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली एक लांबलचक खोली, लाखेचा वास आणि ओळीनं टांगलेले भोपळे. मी तिथं पार्सलांवर पत्ते चिकटवायला लागले होते. नऊ वर्षं बघून बघून जवारी लावायला शिकले. मला कुणी शिकवलं नाही. चाचांनी फक्त हाकललं नाही.

जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तानपुऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं इतका हलका उतरता करायचा, की तार थरथरताना त्याला जाता-येता नुसती शिवेल. मग तारेखाली सुताचा एक धागा घालून तो पुढे-मागे सरकवायचा. धाग्याची बरोबर जागा सापडली की तार एकदम उघडते, एका सुरातून दहा सूर बाहेर पडतात. केसभर अलीकडे राहिला तर तार मुकी, केसभर पलीकडे गेला तर किरकिरी. ती जागा शोधताना चाचा पंखा बंद करतात, दार लावतात, आणि खोलीतला प्रत्येक माणूस श्वास धरतो. धर म्हणून कुणी सांगत नाही, तो धरला जातो.

चारू तीन वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की माझ्या कामाच्या फळीखाली बसून हे ऐकत आलेली.

*

“एकतीस?” हेरवाडे मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला. त्या माझ्या वकील. बोलताना समोरच्याला कधी धीर देत नाहीत, त्यामुळे मला त्यांचा धीर वाटतो. “मारता का मुलीला?”

“नाही.”

“ओरडता?”

“ओरडते. दूध संपवत नाही म्हणून.”

“दुधानं एकतीस येत नाही, वृंदाताई.”

त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. मी तो आधी वाचला होता, वाचनालयातून आणून, समासात खुणा करत. तरी ऐकून घेतला. ताबा म्हणजे मालकी नव्हे. मूल ही आईची किंवा बापाची वस्तू नसते, न्यायालय फक्त मुलाचं हित बघतं. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे. चारू त्या वयातून केव्हाच गेली. मूल कळतं असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात एकटं बोलावून त्याचं मन विचारू शकतात. आणि पोटगी वेगळी, भेट वेगळी. एकाचा राग दुसऱ्यावर काढता येत नाही.

“पण विचारू शकतात,” मॅडम म्हणाल्या. “विचारलंच पाहिजे असं नाही. पूर्वी विचारायचे. आता टिकली आल्यापासून कशाला विचारतील? आकडा असतो समोर. मूल घाबरून काहीतरी बोलेल, आकडा बोलत नाही.”

“मग मी काय करू?”

“सात दिवस उरलेत. त्या कारखान्यात नेऊ नका तिला. धूळ, वास, परके पुरुष, काय ते असेल. बागेत न्या, हसवा. यंत्राला हसणं आवडतं.”

खरंच आवडत होतं. त्या टिकलीबरोबर फोनवर सूचनाही येत: ‘आज आपल्या बालकासोबत हसलात का?’ मी दातओठ खाऊन हसले. चार दिवस चारूला शेजारच्या देसाईवहिनींकडे ठेवलं, कामावरून लवकर सुटले, आम्ही कुल्फी खाल्ली, पत्ते खेळलो, मी मुद्दाम हरले. आकडा चढत गेला. चव्वेचाळीस, बावन्न, एकसष्ट, एकाहत्तर.

एकाहत्तर आला त्या दुपारी मी एका मोठ्या मर्दानी तानपुऱ्याची घोडी घासत होते. मान वर केली तर दारात चारू. वहिनींकडून पळून आलेली. चपला हातात. आत आली नाही, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

“आई,” ती म्हणाली, “मी आवाज केला होता का?”

“कधी?”

“मागे. धागा सरकवताना. म्हणून तू मला येऊ देत नाहीस ना? मी नव्हता केला आवाज. खरंच नव्हता.”

माझ्या हातातली कानस तशीच राहिली. चार दिवस हे पोर कुल्फी खात, पत्त्यांत जिंकत, आपण काय चुकलो ते शोधत होतं. आणि यंत्र तिला एकाहत्तर मार्क देत होतं.

बशीरचाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भोपळ्याला कागद घासत म्हणाले, “अगं पोरी, भायेर काय उभी राहालीस? तुझ्यावाचून हितं कान कुणाला हाय? तुझ्या आईला तर खर्ज ऐकूच येत नाही.”

“येतो मला खर्ज,” मी म्हटलं.

“येतो की. दुसऱ्या दिवशी.”

चारू हसली आणि आत आली. फळीखाली आपल्या जागेवर गेली, गुडघे पोटाशी घेतले. चाचांनी पंखा बंद केला, दार लावलं. मी धागा हातात घेतला. का कोण जाणे, फोन उघडा करून समोर ठेवला, त्यावर आमच्या दोघींच्या रेघा चालू होत्या, माझी निळी, तिची हिरवी.

मी धागा सरकवू लागले. तार मुकी. अजून मुकी. फळीखालून एक बोट वर आलं आणि डावीकडे झुकलं. मी तिकडे सरकवला. खोली गप्प. दोन्ही रेघा एकदम खाली वाकल्या आणि सपाट झाल्या. श्वास नाही. ठोके मंद. पडदा लाल. ‘बालक भयग्रस्त. कृपया अंतर राखा.’

आणि तार उघडली.

तिचा झंकार पत्र्याला जाऊन लागला. चारूनं श्वास सोडला, मीही सोडला. रेघा हातात हात घालून वर आल्या, पण यंत्रानं ते बघितलं नाही. ते अजून लाल होतं.

*

मी शाळेत विज्ञान दहावीपर्यंत शिकले. पुढचं सगळं वाचनालयातलं. त्या आठवड्यात मी जे समजून घेतलं ते असं.

जवळची दोन माणसं एकत्र असली की त्यांच्या शरीरांच्या लयी जुळू लागतात. तान्हं मूल आईकडे बघून हसतं तेव्हा दोघांच्या छातीतले ठोके मागेपुढे न राहता जोडीनं चढतात, उतरतात. हे खरं आहे आणि सुंदरही आहे. टिकली तेच मोजते: ठोके, श्वास आणि कातडीवरचा घाम. पण लय जुळणं एवढ्यानं भागत नाही, कारण भीतीतही लय जुळते. म्हणून तिला भीती ओळखायला शिकवलं. ससा कुत्र्याचा वास आला की जागच्या जागी थिजतो. श्वास थांबतो, ठोके मंदावतात, अंग स्तब्ध, घाम. घाबरलेलं मूलही असंच थिजतं. हजारो घरांतल्या नोंदी घालून यंत्राला ही खूण पाठ करवली.

आता गंमत अशी, की माणूस जीव लावून ऐकतो तेव्हाही नेमकं हेच करतो. श्वासाचा आवाज आड येऊ नये म्हणून श्वास थांबवतो. ठोके मंदावतात. अंग हलत नाही. घामावरून फरक कळला असता एखादे वेळी, पण पत्र्याखाली पंखा बंद करून बसलेल्याला घाम न यायला तो भोपळा थोडाच आहे? ज्या हजारो घरांतून यंत्र शिकलं, त्यांत दोन माणसं एकत्र बसून, सगळं बंद करून, एका बारीक आवाजाची वाट बघतात असं घर सापडलंच नसावं. यंत्राचा दोष म्हणवत नाही. त्यानं जे बघितलं नाही ते त्याला कुठून कळणार?

हेरवाडे मॅडमनी सगळं ऐकलं, रेघा बघितल्या, मान डोलावली.

“पटलं मला. शंभर टक्के. पण हे सिद्ध करायला तज्ज्ञ आणावा लागेल, त्याला उलट तज्ज्ञ येईल, वर्ष जाईल. तोवर तात्पुरता ताबा आकड्यावर ठरतो. वर्षभर ती पुण्याला राहिली की शाळा तिथली, मैत्रिणी तिथल्या. मग कुठलं न्यायालय हलवेल तिला? सोपं सांगते, तीन दिवस कळ काढा. सरासरी साठावर नेऊ. एकविसाव्या दिवशी भेटखोलीत लुडो खेळा. नंतर घेऊन बसा तिला फळीखाली जन्मभर.”

मी रस्त्यानं चालत आले. सोपं होतं, खरंच सोपं होतं. मुलीला एवढंच शिकवायचं होतं, की ऐकू नकोस. तीन दिवस ऐकू नकोस. आणि मग ती विचारणार, मी काय चुकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन कारखान्यात गेले. तिसऱ्या दिवशीही. आकडा एकाहत्तरवरून एकोणचाळिसावर आला. फोन सांगत राहिला, हसा, हसा. मी त्याला उलटा करून ठेवला आणि न्यायालयाला अर्ज लिहिला. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मराठीत. एकविसाव्या दिवशी मुलाच्या नेहमीच्या खेळाचं किंवा छंदाचं साहित्य भेटखोलीत आणता येतं असा नियम आहे. मी साहित्य लिहिलं: तानपुरा एक, कानस एक, सुताची रीळ एक.

मॅडमनी अर्ज वाचून कपाळाला हात लावला. “आपल्या हातानं धोंडा पाडून घेताय पायावर.”

“पाय माझाच आहे ना?”

“मुलीचाही आहे.”

ते वाक्य रात्रभर माझ्या कानात होतं. तरी अर्ज मागे घेतला नाही.

*

भेटखोलीच्या भिंतींवर हसरे प्राणी रंगवलेले होते. हत्ती जास्तच हसत होता. समुपदेशक वाघचौरे म्हणून एक तरुण गृहस्थ, नाकीडोळी नीटस, हातात पाटीएवढा पडदा. प्रसन्न आधीच येऊन बसलेला. केस पांढरे झालेत त्याचे. मला ते आवडलं नाही, म्हणजे मला न विचारता झाले ते.

“हे काय आणलंयस?” त्यानं तानपुऱ्याकडे बघून विचारलं.

“साहित्य.”

“वृंदा, तुला कळतंय ना, आज काय आहे? मला तुला हरवायचं नाहीये. मला फक्त ती धुळीत वाढायला नको आहे.”

“ती धुळीत वाढत नाही. धूळ खाली बसेपर्यंत गप्प बसायला शिकते. तुला नाही आलं कधी.”

“आई, बाबा,” चारू म्हणाली, “यांनी लिहायला सुरुवात केलीय.”

मी सतरंजीवर तानपुरा आडवा घेतला. वाघचौऱ्यांना म्हटलं, “सर, एसी बंद करता का? घरघर येते.”

“गरम होईल मॅडम.”

“होऊ दे.”

चारू माझ्या गुडघ्याशी सरकली. प्रसन्न खुर्चीवरच होता, पण पुढे झुकलेला. लग्नाआधी तो कारखान्यात यायचा, मला न्यायला म्हणून. यायचा सहाला आणि निघायचो आठला, कारण चाचांनी एकदा पंखा बंद केला की तोही दाराशी उभा राहून जायचा. हे मी विसरले होते. बहुतेक तोही.

मी धागा घातला. सरकवला. तार मुकी. चारूचं बोट उजवीकडे झुकलं. सरकवला. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं आणि थांबलं. अजून जरा. बोट थरथरलं, थांबलं.

तार उघडली.

भिंतीवरच्या हत्तीलासुद्धा ऐकू गेली असेल अशी.

सगळ्यांत आधी प्रसन्नचा श्वास सुटला, मोठ्यानं, सुस्कारा टाकल्यासारखा. मग मी वाघचौऱ्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“काय आलं?” मी विचारलं.

“मॅडम… असं कधी आलेलं नाही.” त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. तिन्ही रेघा सपाट, तिन्ही लाल. मूल आईला घाबरतं. मूल बापाला घाबरतं. बाप आईला घाबरतो. आणि आई, ही तर घाबरवणारी, तीही घाबरलेली. खाली ठळक अक्षरांत: ‘दोन्ही पालक अयोग्य. बालकास तूर्त तिसऱ्या ठिकाणी ठेवण्याची शिफारस.’

धोंडा पडला. माझ्या पायावर नाही. माझ्या बोटांतला धागा तारेखालून सटकला.

“तिसरं ठिकाण म्हणजे?” प्रसन्न उठून उभा राहिला. “म्हणजे काय? बालगृह?”

“मी फक्त यंत्र सांगतं ते—”

“सर,” चारूनं त्यांना मध्येच थांबवलं. चिडली की तिचा आवाज खर्जात जातो. “तुम्हीपण श्वास धरला होता. मी बघितलं.”

“मी?”

“तुमचं पेन वर होतं. ते वाजेपर्यंत खाली आलं नाही.”

वाघचौऱ्यांनी हातातल्या पेनकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले बिचारे, टिकली नसताना.

“तुम्हाला कुणाची भीती वाटली, सर?” मी विचारलं.

“भीती नाही हो. मी आपलं… ते कधी वाजतं म्हणून…”

“मग तसं लिहा.”

“मॅडम, यात तसा रकाना नाही.” त्यांनी खरोखरच शोधला. वर-खाली केलं. “भीती, प्रेम, उदासीनता आणि इतर. ‘इतर’मध्ये तीनच अक्षरं मावतात.”

“कागद आहे ना? सहीसाठी कागदी फॉर्म असतो, मी वाचलंय. तो घ्या. त्याच्या पाठीमागे लिहा.”

“पाठीमागे कुणी लिहीत नाही.”

“म्हणूनच जागा आहे. वर आकडा जाऊ दे, आकड्याला माझी ना नाही. पाठीमागे लिहा, की एसी बंद होता आणि खोलीतल्या चारही माणसांनी श्वास धरला होता. त्यात एक समुपदेशक होते, त्यांना टिकली नव्हती आणि कुणी मारलेलंही नव्हतं. लिहा, की आम्ही ऐकत होतो. तुम्ही नाही लिहिलंत तर मी इथून हलत नाही. शिपायाला बोलवा, मला तानपुऱ्यासकट उचलून न्यावं लागेल, आणि तो जपून न्यावा लागतो.”

त्यांनी लिहिलं. अक्षर चांगलं होतं त्यांचं. शेवटी थोडं थांबून त्यांनी आणखी एक ओळ स्वतःहून घातली: ‘श्वास धरल्याचं मला मुलीनं सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं.’ सही केली.

“साक्षीदार लागेल,” ते म्हणाले. “अर्जदार स्वतः नाही चालत.”

खोलीत एकच माणूस उरत होता. त्याच्याकडे चौऱ्याहत्तर होते. वकील त्याला नक्की म्हणेल, आजचं रद्द करून घेऊ, तांत्रिक बिघाड म्हणू, आधीचा आकडा धरतील. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मागायचं नाही असं ठरवून आले होते.

प्रसन्ननं चारूकडे बघितलं. “तुला कसं कळतं गं, धागा कुठं थांबवायचा ते?”

“तुम्हीपण मान वाकडी केली होती बाबा. बरोबर त्याच वेळी.”

त्यानं पेन घेतलं. सही करताना म्हणाला, मला की कागदाला कुणास ठाऊक, “मी भांडणार आहे अजून. ताब्यासाठी भांडणार. पण हे खोटं आहे, की ती तुला घाबरते.”

“भांड की,” मी म्हटलं. “समोरून भांड.”

*

न्यायाधीश बाईंनी फॉर्म उलटून बघितला. हेरवाडे मॅडम म्हणतात, त्यांच्या बावीस वर्षांच्या वकिलीत कुणी फॉर्म उलटलेला त्यांनी बघितला नव्हता. बाईंनी दोनदा वाचलं, मग कागद पालथाच ठेवून चारूला दालनात बोलावलं. दार लागलं. पंचवीस मिनिटं आम्ही बाहेरच्या बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून, बसून राहिलो.

चारू बाहेर आली तेव्हा कानामागची टिकली नव्हती. तिथं कातडीवर फिकट गोल राहिला होता.

“काय विचारलं?”

“सांगायचं नाही म्हणाल्या.” ती मधल्या जागेवर बसली. “पण त्यांनी मला बोलू दिलं. मध्ये काहीच बोलल्या नाहीत.”

आमच्याही टिकल्या शिपायानं काढून डबीत टाकल्या. मग पुकारा झाला.

आदेशात काय आहे ते मी नंतर घरी बसून शब्द लावून वाचलं. चारू शाळेसाठी मिरजेत, माझ्याकडे. एकाआड एक शनिवार-रविवार आणि निम्म्या सुट्ट्या बापाकडे. शाळेचा खर्च दोघांनी. कारखान्यात तोंडाला फडकं बांधायचं, हे प्रसन्ननं मागितलं होतं आणि ते योग्यच आहे. आणि एक वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलंय: मापकाचा आकडा मुलाच्या म्हणण्याला पूरक असू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही, यापुढे या न्यायालयात आधी मुलाला ऐकलं जाईल. प्रसन्न वरच्या न्यायालयात जाणार आहे. जाऊ दे. मी पुढची पुस्तकं आणून ठेवलीत.

पण हे नंतरचं. त्या वेळी, त्या खोलीत, बाईंनी कागद उचलला, चष्मा लावला आणि वाचण्याआधी एक क्षण थांबल्या. माथ्यावरचा पंखा गरगरत होता. माझा श्वास थांबला. शेजारी चारूचा थांबला, तिच्या पलीकडे प्रसन्नचा. कुठं नोंद झाली नाही, म्हणून मी इथं करून ठेवते. या वेळी आम्ही काही ऐकत नव्हतो. या वेळी ती भीतीच होती, तिघांचीही, एका लयीत. यंत्राला बरोबर ठरायची तेवढी एक संधी होती, आणि तेव्हा ते डबीत होतं.